दुतोंडीवरचे दाजी

आमच्या खाडीत पूर्वी एक उतारूंची बोट चालायची. कागदोपत्री तिला भारदस्त नाव होतं, पण ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे तिला दुतोंडी म्हणत, कारण तिला पुढचं-मागचं असं काही नव्हतंच. दोन्ही टोकांना सारखंच नाक, दोन्हीकडे सुकाणू, दोन्हीकडे उतारूंसाठी फाटक. या काठाहून त्या काठाला पोचली की वळायची गरज नाही. कप्तान नुसता या टोकाच्या केबिनमधून उठून त्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसायचा, की शेपटीचं तोंड व्हायचं.

लढाईत ती सैनिकांची ने-आण करायला नेली. मग परत आली, आणखी पुष्कळ वर्षं खाडीत फिरली, आणि पूल झाल्यावर भंगारात गेली. आता पुलाच्या तोंडाशी तिचं एक चित्र लावलंय, खाली चार ओळी लिहिल्यात. ते बघून नातवंडं विचारतात, "आजोबा, तुम्ही होतात ना हिच्यावर?" होतो. वरच्या मजल्यावरचं चहाचं टेबल मी सांभाळत होतो. पण लढाईचं म्हणून मला फारसं काही सांगता येत नाही. जे सांगता येईल ते माझ्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. तेही कितपत जमेल, बघू.

दाजींकडे बोटीचे दोर आणि फाटकं होती. धक्का जवळ आला की दोर फेकायचा, खुंटाला अडकवायचा, फाटक उघडायचं. माणसं उतरली-चढली की फाटक लावायचं, दोर सोडायचा, आणि उतारूंच्या बाकांमधून वाट काढत दुसऱ्या टोकाला जायचं, तिकडचं फाटक उघडायला. बोट चालायची तेव्हा दाजीही चालत असायचे. ताई म्हणायची, "लोक पैसे देऊन बसून जातात, आणि तुम्ही आयुष्यभर खाडी पायीच ओलांडताय."

अंगाने आडवे, मान जवळजवळ नाहीच, आणि तळहात दोराने घासून घासून खरबरीत झालेले. पोहता येत नव्हतं. कोणी त्यावरून चिडवलं तर म्हणत, "मी पडणारच नाही, मग पोहू कशाला?" एका गोष्टीला मात्र ते घाबरत, आणि ती म्हणजे बंद दार. लहानपणी कुठल्याशा कोठारात अडकले होते म्हणे. घरात ते दाराजवळच बसत, आणि दार सताड उघडं लागे, बाहेर कितीही गारठा असो. "लग्न माझ्याशी केलंत की वाऱ्याशी?" असं ताई रोज विचारायची आणि अंगावर आणखी एक पांघरूण घ्यायची. त्यांचं घर धक्क्याच्या अगदी वर होतं. मागच्या दारातून पायऱ्या उतरलं की थेट धक्का.

दोन्ही काठांच्या धक्क्यांवर एकेक उंच खांब होता आणि त्याला दोरीवर तांबड्या रंगाची वेताची मोठी टोपली. बोटीला ठरावीक वेळा होत्या, पण मध्येच कोणाला पलीकडे जायचं असेल तर त्याने दोरी ओढून टोपली वर चढवायची. बोटीवर जो कोणी आधी बघेल तो ओरडायचा, "टोपली!" कप्तान भोंग्याने उत्तर द्यायचा, एक लांब आणि एक आखूड. भोंगा ऐकला की खाली इंजिनवाला इंजिन चालू करायचा. कोणी कोणाला काही विचारत नसे. टोपली वर म्हणजे उतारू उभा आहे, आणि उतारू उभा आहे म्हणजे निघायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, इतकं की कप्तान शेजारच्या उतारूशी गप्पा मारता मारता भोंगा वाजवायचा आणि नंतर विचारायचा, "निघालो का आपण?"

टोपली सगळ्यांत जास्त चढवायची ती सुईणमावशी. ती राहायची पलीकडच्या काठाला आणि तिची निम्मी बाळंतपणं आमच्या काठाला, त्यामुळे तिला ना वेळ ना काळ. पहिल्या बाकावर बसायची आणि फाटकापासून कप्तानापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची. दाजींना म्हणायची, "दोरवाल्या, आज फार हळू आलास. पोरं माझ्यासाठी थांबत नाहीत, मग मी तुझ्यासाठी थांबायचं होय?"

आम्ही पाण्यावरची माणसं खरी, पण खलाशी नव्हतो. खलाशी घर सोडून जातात. आम्हाला दोन्ही काठ सतत दिसायचे, आणि दिवेलागणीला आम्ही घरी असायचो. इतक्या वर्षांत दाजी एकदाही बोटीवर झोपले नव्हते.

लढाई सुरू झाली त्यानंतरच्या वर्षी लष्कराची माणसं धक्क्यावर आली. बोट फिरून बघितली, खडूने जागोजाग फुल्या मारल्या आणि ती सरकारजमा झाल्याचं सांगितलं. पण ही दोन तोंडांची बोट हाकायची कशी हे त्यांच्या कप्तानांना उमजेना. तेव्हा त्यांनी बोटीबरोबर आम्हालाही नेलं, बाकं आणि कपबशांसकट. आमच्यावर एक अधिकारी नेमला. तो इतका ताठ चालायचा आणि वळताना असा नेमका वळायचा की पहिल्याच दिवशी इंजिनवाल्याने त्याचं नाव काटकोन ठेवलं.

दाजी काटकोनसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, घरी कधी सोडणार?"

"लढाई संपली की."

"तसं नव्हे हो. आज. आज संध्याकाळी कधी सोडणार?"

साहेब हसले नाहीत. त्यांना वाटलं हा माणूस थट्टा करतोय.

मोठ्या बंदरात नेऊन दुतोंडीला करड्या रंगाने रंगवलं. बाकं काढली. खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासला. एक टोक पुढचं ठरवून तिथे पोलादी पत्रे ठोकले, आणि दोन्ही फाटकं वेल्डिंग मारून कायमची बंद केली. दाजी बाजूला उभं राहून बघत होते. वेल्डिंगवाला निघून गेल्यावर त्यांनी फाटकाला खांदा लावून पाहिला. ते हललं नाही. "मेव्हणे," ते मला म्हणाले, "आता मी कोण?"

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. सैनिक भरायचे, समुद्र ओलांडायचा, ते उतरले की रिकामं परत यायचं, नाहीतर जखमी घेऊन. खाडीसाठी बांधलेली बोट ती; समुद्रात एखाद्या टेबलासारखी हलायची. सैनिक इतके दाटीवाटीने बसायचे की एकाने कूस बदलायची म्हटलं तर ओळीतल्या सगळ्यांनी बदलायला लागायची. त्यांना बोटीचं फार नवल वाटायचं. एकाने दाजींना विचारलं, "काका, आपण पुढे चाललोय की मागे?" दाजी म्हणाले, "बाळा, ते हिचं हिलाच माहीत नाही." सगळे हसले. तिथे हसायला फार थोडं पुरायचं.

आमची झोपायची जागा तळाशी होती, पाण्याच्या पातळीखाली. वरचं झाकण बंद झालं की दिवा असूनही अंधारल्यासारखं व्हायचं. दाजी तिथे एकदाच आले. जरा वेळ बसले, मग एकदम उठले आणि झाकणाला दोन्ही हात लावून उभे राहिले. त्यानंतर ते तिथे आले नाहीत. बंद फाटकापाशी पत्र्याच्या सांध्यात एक चीर राहिली होती, तिच्यातून वारा यायचा. तिला नाक लावून ते बसत, झोपही तिथेच काढत. पहारेकऱ्यांनी हाकललं तर म्हणत, "मी फाटकवाला आहे, माझी जागा हीच." ते खरंही होतं, त्यामुळे हळूहळू कोणी हाकलेनासं झालं.

आम्ही घर सोडलं तेव्हा ताईला दिवस गेलेले होते. आधीची दोन मुलं जगली नव्हती. दोन्ही जन्मतःच गेली, आणि दुसऱ्या वेळी ताईही जाता जाता राहिली. या खेपेला डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की धोका आहे. दाजी त्या विषयावर बोलत नसत. फक्त कधीतरी चहा घेता घेता म्हणत, "आता पाचवा सरला असेल." पुढे कधीतरी, "आता सातवा." मी मान हलवायचो. पत्रं जात-येत नव्हती. आम्ही कुठे आहोत हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

नववा महिना लागला असेल नसेल, आणि एके दिवशी भर दुपारी दुतोंडी एका खाडीत शिरली. माझ्या टेबलामागच्या खिडकीचा काळा रंग कोणा सैनिकाने खिळ्याने खरवडून तिथे डोळ्याएवढं भोक पाडलं होतं. मी डोळा लावला, आणि हातातली किटली तशीच खाली ठेवून दाजींना बोलवायला धावलो.

ती आमचीच खाडी होती. समोर आमचा धक्का, खांब, पायऱ्या, आणि त्यावर दाजींचं घर. आमच्या आजूबाजूला आणखी जहाजं नांगर टाकून उभी होती. सगळी मिळून कुठल्याशा मोठ्या हल्ल्यावर निघायची होती, आणि हुकूम येईपर्यंत इथेच थांबायची होती.

काटकोनसाहेबांनी आम्हा सगळ्यांना एका जागी बोलावलं. "कोणी उतरायचं नाही. कोणी चढायचं नाही. हात हलवायचा नाही, कापड फडकवायचं नाही, भोंगा, घंटा काही नाही. काठावर काय दिसतंय याच्याशी आपला संबंध नाही. या काठावर तुमचं कोणी नाही असं समजा."

"समजा काय साहेब," दाजी म्हणाले, "ते बघा ना, धुराडं दिसतंय."

"कुठलं धुराडं?"

"माझ्या घराचं."

साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. पण दाजींकडे मात्र त्यांनी नीट बघून घेतलं.

ते दिवस मला समुद्रातल्या दिवसांपेक्षा जड गेले. समुद्रात घर नसतंच, तिथे दुःख करायचं तर कशाच्या दिशेने करणार? इथे धक्क्यावर कोण आलं, कोण गेलं, ओळखू यायचं. गावाला आमच्याबद्दल कळलं होतं, यात मला शंका नाही. करड्या रंगाने दुतोंडी थोडीच लपणार? पण लोकांनाही ताकीद दिलेली असणार. धक्क्यावर येणारी माणसं आमच्या डोक्यावरून पलीकडे बघत, जणू मध्ये नुसतं पाणीच आहे. आमचा शेजारी, ज्याने आयुष्यात कधी फुकटचा चहा सोडला नाही, तोसुद्धा आला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि गेला.

ताई पहिल्या दिवसांत दिसली. कमरेवर हात ठेवून सावकाश पायऱ्यांपर्यंत यायची, उभी राहायची, आत जायची. दाजींचा डोळा भोकाला आणि माझा कान त्यांच्या तोंडाशी. "आली. उभी आहे. वाकली. नाही, सरळ झाली. गेली आत." मागे चहासाठी सैनिकांची रांग खोळंबलेली असायची. त्यातला एक उंच, लांबट चेहऱ्याचा शिपाई होता, आम्ही त्याला लंबू म्हणायचो. त्याने रांगेतूनच विचारलं, "काय हो, तिकडे काय नाटक चाललंय?"

"माझी बायको," दाजी डोळा न हलवता म्हणाले.

लंबूने काही थट्टा केली नाही. त्याने मागच्यांना सांगितलं, "थांबा रे जरा. चहा काय पळून जातोय?"

मग ताई दिसेनाशी झाली. दार बंद, पायऱ्या रिकाम्या. धुराड्यातून मात्र सारखा धूर, म्हणजे पाणी तापत होतं.

दाजी पुन्हा काटकोनसाहेबांकडे गेले. मी सोबत होतो. "साहेब, मी उतरत नाही. एखादी होडी नुसती धक्क्याला लावून येऊ दे. कोणीतरी एवढंच विचारून यावं, बाई कशी आहे. बाळ कसं आहे. दोन शब्द."

साहेबांनी सैनिकांच्या गर्दीकडे हात केला. मग म्हणाले, "या बोटीवर इतकी पोरं आहेत. प्रत्येकाला दोन शब्द हवेत. मी कोणाकोणाला होडी देऊ?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचंही कुठेतरी घर असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाची गर्दी ऐन भरात असताना, दाजी डेकवर नांगराच्या साखळीपाशी उभे होते. निघायचा हुकूम कधीही येईल म्हणून इंजिनात वाफ धरून ठेवली होती. कप्तान आपल्या केबिनमध्ये होता. आणि समोर धक्क्यावर, खांबाच्या टोकाशी, तांबडी टोपली हलत हलत वर चढली.

मी त्यांचं ओरडणं वरच्या मजल्यावर ऐकलं. "टोपली!"

पुढचं सगळं एका दमात झालं. कप्तानाचा हात भोंग्याच्या दोरीवर गेला. एक लांब, एक आखूड. खाली इंजिनवाल्याने भोंगा ऐकला आणि दांडा पुढे ओढला. दुतोंडी नांगरासकट निघाली. साखळी ताणली गेली, बोटीला असा हिसका बसला की उभे होते ते सगळे बसलेल्यांवर पडले आणि माझ्या टेबलावरच्या किटल्या थेट रांगेच्या अंगावर गेल्या. शेजारच्या जहाजाला वाटलं हा धोक्याचा इशारा आहे, त्याने आपला भोंगा वाजवला. त्याचं ऐकून त्याच्या पलीकडच्याने. बघता बघता अख्खी खाडी बोंबलायला लागली. तोफांवरची माणसं धावली. खाली सैनिक तरंगायची जाकिटं चढवायला लागले, एकेका जाकिटात दोघांचे हात अडकले.

आणि आमचे कप्तान केबिनमधून डोकं बाहेर काढून इंजिनवाल्याला विचारत होते, "अरे, निघालो का आपण?"

सगळं शांत व्हायला बराच वेळ लागला. मग काटकोनसाहेबांनी तिघांना समोर उभं केलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"भोंगा कोणी वाजवला?"

"मी," कप्तान म्हणाले. "म्हणजे माझ्या हाताने. मी नव्हे."

"इंजिन?"

"भोंगा झाला ना साहेब," इंजिनवाला म्हणाला. "भोंगा झाल्यावर मी दुसरं काय करणार?"

"आणि आधी ओरडलं कोण?"

दाजी पुढे झाले. "मी. टोपली वर होती. टोपली म्हणजे उतारू."

"कोण उतारू?"

"ते इथून कसं दिसणार?"

"तुमचं घर कुठलं म्हणालात?"

दाजींनी बोट दाखवलं. घर खांबाच्या बरोबर वर होतं. त्यांना खोटं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते बोलले नसते. साहेबांनी घर बघितलं, खांब बघितला. "घर तुमचं, बायको तुमची, खूण तुमच्या दारात. आणि ओरडणारे तुम्हीच. एवढं सगळं आपोआप जुळून येतं?"

एक होडी चौकशीला धक्क्याकडे सोडली, आणि दाजींना दोर ठेवायच्या खोलीत कोंडलं. ही खोली खालच्या डेकच्या टोकाशी, जिथून नांगराची साखळी वर-खाली होते तिला लागून. खिडकी नाही. दार लोखंडी, खाली बोटभर फट. दाराला कडी लागली तेव्हा आतून एक आवाज आला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता.

पहाऱ्यावरच्या शिपायाला मी चहा दिला आणि फटीपाशी आडवा झालो. "दाजी."

"हां." श्वास जोरात चालला होता. "बोलत राहा मेव्हणे. काहीही बोला. थांबू नका."

मी बोलत राहिलो. काय बोलणार? माझ्या किती कपबशा फुटल्या ते सांगितलं, जाकिटांची गंमत सांगितली. भोवती सैनिक गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, ते ऐकत होते. जरा वेळाने दाजींचा श्वास खाली आला.

"टोपली ताईने चढवली असेल?" मी विचारलं.

"नाही. ती या दिवसांत दोरी ओढणार नाही. दुसरं कोणीतरी."

होडी परत आली. काटकोनसाहेब स्वतः खाली आले आणि दाराबाहेरून म्हणाले, "एक म्हातारी होती. सुईण आहे म्हणे. रात्रभर जागरण झालं होतं, पलीकडे घरी जायचं होतं. मागच्या पायऱ्या उतरून आली, समोर बोट बघितली, आणि लढाई चालू आहे हे विसरून टोपली चढवली. असली माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. तुमच्यावर हेरगिरीचा संशय नाही. पण खाडी सोडेपर्यंत तुम्ही आतच राहायचं. पुन्हा एकदा कोणी टोपली चढवली तर मला परवडणार नाही." आणि ते नेमके वळून गेले.

मी फटीला तोंड लावलं. "दाजी, ऐकलंत? मावशी होती! रात्रभर जागली म्हणजे झालं, बाळंतपण झालं!"

मग दाजी अगदी हळू म्हणाले, "झालं. पण काय झालं?"

मी फटीच्या आणखी जवळ सरकलो.

"मागच्या दोन्ही वेळी मी बोटीवरच होतो," दाजी म्हणाले. "दोन्ही वेळी मावशी घरी जायला टोपली चढवूनच उभी होती. माझ्या फाटकातून आत आली, माझ्याकडे बघितलं नाही. मागे जाऊन बसली, पहिल्या बाकावर नाही. एक शब्द नाही. मला तेव्हाच कळलं. मूल जगो न जगो, सुईण घरी तर जातेच." मग म्हणाले, "ती काय बोलली? होडीवाल्यांशी काहीतरी बोलली असेल. ते बघा. मेव्हणे, तेवढं बघा."

होडीत लंबू गेला होता. तो कुठे बसलाय ते शोधत मी निघालो. त्या डेकवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. कोणाच्या मांडीवर, कोणाच्या पिशवीवर पाय देत, शिव्या खात मी वर पोचलो. वरती आज्ञा सुटत होत्या. निघायचा हुकूम आला होता.

लंबू कठड्याला टेकून ओला शर्ट पिळत होता. मी विचारलं तसा तो इकडेतिकडे बघून कुजबुजला. "साहेबांना हे सांगितलं नाही मी. म्हातारीने आमची पार बिनपाण्याने केली. आमच्या नाईकाला म्हणते, बोट खाडीच्या मधोमध म्हशीसारखी बसवून ठेवलीत, लाज नाही वाटत? मग म्हणाली, त्या दोरवाल्याला माझा निरोप सांगा. आज मला न्यायला आला नाहीस ना, आता पुढच्या वेळी तू माझ्या दारात ये, मी हलणार नाही. आणखी काही सांगणार होती, पण नाईकाने तिला गप्प केलं. नाव-गाव काही बोलायचं नाही असा हुकूम होता." त्याने शर्ट झटकला. "दोरवाला म्हणजे तो, बायकोकडे बघणारा?"

"पुढच्या वेळी म्हणाली?" मी त्याचा दंड धरला. "नक्की असंच?"

"असंच. चांगलं बोट नाचवून."

मी उलटा पळालो. जिथे मूल गेलंय, बाई गेली आहे, त्या घराच्या धन्याला कोणती सुईण असा टोला मारील? आणि पुढच्या वेळचं बोलेल? जिना उतरतानाच मला हसू यायला लागलं होतं. मी दारापाशी जाऊन आडवा पडलो, फटीला तोंड लावलं, आणि त्याच क्षणी बाजूच्या भिंतीपलीकडे नांगराची साखळी वर ओढायला सुरुवात झाली.

तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. लोखंडावर लोखंड, तेही पत्र्याच्या डब्यात. मी ओरडलो, मला माझंच ऐकू आलं नाही. आत दाजी काहीतरी विचारत असणार, तेही नाही. मी पुन्हा ओरडलो, "पुढच्या वेळी! मावशी म्हणाली, पुढच्या वेळी!" आणि दारावर थापा मारल्या. आतून थाप आली नाही. बंद खोलीत, त्या आवाजात, काय चाललं असेल त्यांचं? साखळी पुरी वर आली की बोट चालू लागणार होती.

जवळ बसलेल्या एका सैनिकाने माझ्या ओठांकडे बघितलं आणि तो दाराकडे तोंड करून ओरडला, "पुढच्या वेळी!" त्याला कशाचाही पत्ता नव्हता. त्याच्या शेजाऱ्याने साथ दिली. मग त्याच्या मागच्या ओळीने. सकाळपासून त्यांना कोंबून ठेवलं होतं, कुठे नेणार ते माहीत नव्हतं, ओरडायला कारण तेवढं हवं होतं. "पुढच्या वेळी! पुढच्या वेळी!" सगळा खालचा डेक ओरडत होता. काही हसत होते. एक अगदी कोवळा होता, तो डोळे मिटून ओरडत होता. साखळीचा आवाज त्यांनी बुडवून टाकला.

मग साखळी थांबली, आणि तेही एकदम थांबले. इंजिनाची थरथर पायाखाली जाणवायला लागली.

दाराच्या फटीतून दाजींचा आवाज आला. रडून जड झाला होता.

"ऐकलं हो, ऐकलं. आता ओरडू नका. पोर झोपलं असेल."

ते पोर म्हणजे मुलगी आहे, आणि तिची मानही बापासारखीच आखूड आहे, हे त्यांना कळायला पुढे बराच काळ जायचा होता. दार उघडलं तेव्हा खाडी मागे पडली होती, आणि कोणताच काठ दिसत नव्हता.